सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी येताना अपघात : भरपाई कुठे मागायची, नोकरी कशी वाचवायची?

नदीकाठ | ६ जुलै २०२५, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. आज एकादशीची सुट्टी आहे म्हणून निवांत बसून लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझे दाजी, वय ३४. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर, ठेकेदाराच्या नावावर. सात वर्षं झाली, मशीन तेच, ठेकेदार दोन बदलले. पगार २४ हजार, बँकेत जमा होतो. ११ फेब्रुवारीला सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला सुटले आणि मोटारसायकलवरून आष्ट्याकडं घरी निघाले. डिग्रज सोडल्यावर रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटलेला, ट्रॅक्टर काढून नेलेला आणि भरलेली ट्रॉली तशीच डांबरावर सोडलेली. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड नाहीत, फांदी नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा फोकस डोळ्यावर आला आणि दाजी सरळ ट्रॉलीवर गेले. हेल्मेट होतं म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली, आत रॉड आहे, गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. बिल ३ लाख १० हजार झालं. त्यातले दोन लाख ताईचे दागिने ठेवून उभे केलेत.

आता अडचणी सांगतो.

पोलिसांच्या कागदात ‘उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली’ असं लिहून गुन्हा दाजींवरच नोंदवलाय. ते तेव्हा शुद्धीवर नव्हते, जबाब नंतर कुणी घेतलाच नाही.

ट्रॉलीवाला शेजारच्या गावचा आहे. दोनदा येऊन गेला. ५० हजार देतो, मिटवून टाकू म्हणतो.

आणि गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा सुपरवायझर घरी आला. छापील कागद आणला होता, ‘मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे’. तारखेची जागा मोकळी. म्हणाला, सही करा म्हणजे हिशोब काढता येईल, पाच महिने जागा धरून ठेवता येत नाही. ताईनं चहा दिला, कागद ठेवून घेतला, सही दिली नाही. तो कागद अजून देवघराच्या फळीवर आहे.

आम्हाला यातलं काही कळत नाही. कुणी म्हणतं चूक आपली, काही मिळणार नाही. कुणी म्हणतं कंपनीनं द्यायचं, कुणी म्हणतं विम्यानं. नक्की कुठं जायचं?

---

माळावरचा | ६ जुलै, दुपारी १२.०५

भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट सांगतो, ५० चे ८० करून घ्या आणि मिटवा. कोर्टात वर्षं जातात. गाडी मागून आदळली की चूक मागच्याची, हे पोरासोरांना माहीत आहे. आणि तो ट्रॉलीवालाही शेतकरीच असणार, हप्त्यावर ट्रॅक्टर घेतलेला. त्याला देशोधडीला लावून काय मिळणार? एकाच शिवारात राहायचंय.

---

काळा कोट | ६ जुलै, रात्री ९.४०

मी विजयनगरच्या कोर्टात मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. इथं केस मिळवायला लिहीत नाही, तुम्ही कुठल्याही वकिलाकडं जा. पण आजच लिहायला हवं, कारण तुमच्या हातात फार दिवस नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे अशा दाव्यांच्या कोर्टात, अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. पूर्वी अशी मुदत नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून ती पुन्हा आली आणि अजूनही निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही. तुमचे सहा महिने १० ऑगस्टच्या सुमारास भरतात. १० ला रविवार आहे, ९ ला दुसरा शनिवार आणि राखीपौर्णिमा. म्हणजे तुमच्यासाठी शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार ८ ऑगस्ट धरा. या मुदतीच्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

‘मागून धडकला म्हणजे चूक त्याची’ हे माळावरचे भाऊ म्हणतात तसं सरसकट नसतं. रात्री रस्त्यात विनादिव्याचं वाहन सोडून जाणं हाच निष्काळजीपणा आहे, कायद्याचं कलम १२२ त्यासाठीच आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशाच एका प्रकरणात, रस्त्यात विनाइंडिकेटर उभ्या टँकरवर रात्री कार आदळली होती, उच्च न्यायालयानं निम्मी चूक कारवाल्याची धरली होती ती काढून टाकली आणि पूर्ण जबाबदारी टँकरची ठरवली. विमा कंपनी तुमच्याकडं हेच बोट दाखवणार, हे मात्र गृहीत धरा. न्यायाधिकरणाला वाटलं तर ते काही टक्के चूक दाजींची धरून तेवढी रक्कम कापेल. पण टक्के कापणं वेगळं आणि काहीच न मिळणं वेगळं.

पोलिसांच्या गुन्ह्यात काय लिहिलंय त्याला न्यायाधिकरण बांधील नसतं. तिथं फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच पाहतात. तरीही दाजींचा पुरवणी जबाब घ्यावा असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या, आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. तो गेलाय का, हेही त्याच अर्जात विचारा.

आता मला सांगा: ट्रॉलीचा नंबर आहे का? जागेवरचा एखादा फोटो? त्या वेळी कोण कोण होतं?

---

नदीकाठ | ७ जुलै, सकाळी ७.१५

वकीलसाहेब, मुदतीचं वाचून रात्री झोप लागली नाही. आठ ऑगस्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवलाय.

फोटो आहे. दुधाच्या टेम्पोवर जाणारा एक पोरगा थांबला होता, त्यानंच दाजींना उचललं, दवाखान्यात पोहोचवलं आणि निघण्याआधी मोबाइलवर तीन फोटो काढले. एकात ट्रॉलीची मागची बाजू स्वच्छ दिसते. उसाचं वाडं खालपर्यंत लोंबतंय, त्याआड नंबरप्लेट आहे की नाही तेही कळत नाही. चाकाजवळ दाजींचा डबा पडलाय, झाकण उघडून. ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीवाल्याच्या दारात उभ्या ट्रॅक्टरवरून लिहून घेतलाय. ट्रॉलीचा नाही.

---

काळा कोट | ७ जुलै, रात्री १०.१०

तो पोरगा तुमच्या दाव्याचा कणा आहे. आधी त्याला सांगा की त्याला घाबरायचं कारण नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. त्याला पोलीस ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, साक्षीची सक्ती करता येत नाही. पण तो मनापासून आला तर फार फरक पडेल. फोटो व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, त्याच्या फोनमधली मूळ फाइल जपून ठेवायला सांगा. तारीख-वेळ त्यात असते आणि कोर्टात फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

ट्रॉलीच्या नंबरासाठी एक गोष्ट करा. ट्रॉली त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी कारखान्यात गेलीच असणार. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेची पावती निघते, वाहनाचा नंबर आणि वेळेसकट. पोलिसांना तसं पत्र द्यायला सांगा. नाही दिलं तर न्यायाधिकरणामार्फत रेकॉर्ड मागवता येईल.

नंबर मिळाला की विमा तपासा. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा वेगवेगळा बघा. आपल्या भागात हेच दुखणं आहे. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो. किंवा विमा शेतीकामाचा असतो आणि वाहतूक भाड्यानं चाललेली असते. विमा कंपनी लगेच ‘पॉलिसीच्या अटींचा भंग’ म्हणून हात वर करते. अशा वेळी बऱ्याचदा न्यायाधिकरण आदेश देतं की कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. पण तो आदेश आपोआप होत नाही, मुद्दा मांडावा लागतो. म्हणून अर्जात ट्रॅक्टरमालक, ट्रॉलीमालक वेगळा असेल तर तो, आणि जेवढ्या विमा कंपन्या असतील त्या सगळ्यांना पक्षकार करा.

माळावरच्या भाऊंना एवढंच म्हणेन की शेजारधर्माची तुमची काळजी खोटी नाही. पण विमा चालू असेल तर भरपाई ट्रॉलीवाल्याच्या खिशातून जात नाही, त्यानं भरलेल्या हप्त्यापोटी कंपनी देते. ५० हजारांचा कागद करून दाजींनी सही केली, तर उद्या कंपनी तोच कागद पुढं करेल.

---

टाइमऑफिस | ८ जुलै, दुपारी ४.३०

मी २७ वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसला काढली, आता निवृत्त आहे. अपघाताचं वकीलसाहेब सांगताहेत, मी नोकरीचं सांगतो.

तो राजीनाम्याचा कागद फळीवरून काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि जपा. सही करू नका. असे कोऱ्या तारखेचे कागद माझ्या टेबलावरून गेलेत, मला लाज वाटते सांगायला. सही केलेला माणूस नंतर कामगार आयुक्तांकडं गेला की ठेकेदार तोच कागद पुढं ठेवतो आणि म्हणतो, आम्ही काढलं नाही, तोच गेला. तुमच्याकडचा कागद छापील आहे, त्यांच्याच फॉर्मवर आहे. राजीनामा त्यांनीच लिहून आणला होता हे त्यावरून दिसतं.

आता दाजींच्या सहीनं एक पत्र करा. साध्या भाषेत. ११ फेब्रुवारीला ड्यूटी संपवून घरी जाताना अपघात झाला, उपचार चालू आहेत, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, मी नोकरी सोडलेली नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली की कामावर हजर होईन. दोन प्रती करा, एक ठेकेदाराला, एक मूळ कंपनीला. दोन्ही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. हातात देऊ नका, हातात दिलेलं पत्र मिळालंच नाही म्हणतात.

त्यानंतर त्यांनी लेखी किंवा तोंडी काढलंच, तर सहायक कामगार आयुक्तांकडं अर्ज करायचा. तिथं ४५ दिवसांत समेट झाला नाही तर कामगार स्वतः थेट कामगार न्यायालयात जाऊ शकतो. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा पगार दिल्याशिवाय कमी करता येत नाही. आणि पाच वर्षं सलग झालेल्याला ग्रॅच्युइटी असते, शेवटच्या पगाराचे २६ भाग करून त्यातले १५, गुणिले वर्षं. ठेकेदार बदलला म्हणून वर्षं शून्यावरून मोजणार असं ते म्हणतील. मशीन तेच, गेट तेच, सुपरवायझर तोच असेल तर ते तसंच मान्य करू नका. जुन्या ठेकेदाराच्या काळातली हजेरीची कार्डं, गेटपास, पीएफचं पासबुक, जे सापडेल ते गोळा करा.

पीएफचं पासबुक आजच ऑनलाइन उघडा. प्रत्येक महिन्याला भरणा झालाय का बघा. कापून घेतलेले पैसे न भरणारे ठेकेदार मी पाहिलेत. भरणा नीट असेल तर आजारपणासाठी त्यातून उचल मिळते, तिला किती वर्षं नोकरी झाली याची अट नाही. दागिने सोडवायला तेवढीच मदत.

आणखी एक, हे विसरू नका: ११ तारखेचा आउट पंच. गेटवरच्या मशीनमध्ये बारा वाजून काही मिनिटांची नोंद असणार. ती मागून घ्या. वर्ष झालं की सिस्टीम बदलते आणि जुनं काही सापडत नाही.

---

सिस्टर मिरज | ८ जुलै, रात्री ११.५०

नाइट ड्यूटीवरून लिहितेय, थोडक्यात. दवाखान्यातून ही कागदं मागा: पूर्ण इनडोअर पेपर (दाखल असतानाचे सगळे, फक्त डिस्चार्ज कार्ड नाही), एमएलसी नंबर (दवाखान्यातल्या पोलीस-केसच्या नोंदीचा), ऑपरेशन नोट, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे. डिस्चार्ज कार्डावर हकीकत कशी लिहिलीय ते नीट वाचा. ‘गाडीवरून पडून’ असं घाईत लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि वर्षानं नातेवाईक रडत येतात की वकील म्हणतात यात ट्रॉलीचा उल्लेख नाही. तसं असेल तर आत्ताच डॉक्टरांना भेटा.

औषधांची बिलं मूळ ठेवा आणि झेरॉक्सही काढा, मेडिकलच्या थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. फिजिओथेरपीची वही असेल तर तीसुद्धा.

आणि ज्यांच्यावर पुढं अशी वेळ येईल त्यांच्यासाठी: ५ मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना लागू झालीय. तुमच्या दाजींचा अपघात आधीचा, त्यांना उपयोग नाही. पण दारात पैसे भरा म्हणून अडवलं तर नातेवाइकांना हे माहीत पाहिजे. ११२ ला फोन करा.

---

अजिंक्यतारा | १० जुलै, सकाळी ९.००

साताऱ्याहून. धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझ्या आईला शेंद्रे फाट्यावर रस्ता ओलांडताना मेमध्ये एका कारनं उडवलं आणि निघून गेली. खुब्याचं हाड मोडलं. नंबर कुणी पाहिला नाही. आम्हाला काहीच मार्ग नाही का?

---

काळा कोट | १० जुलै, रात्री ९.२०

आहे. वाहन सापडलं नाही तर ‘हिट अँड रन’ची वेगळी योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासूनची. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. खुब्याचं हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. अर्ज कोर्टात नाही, महसूल खात्याकडं, प्रांत किंवा तहसीलदारांकडं करायचा. तेच चौकशी अधिकारी असतात आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. फिर्यादीची प्रत, वैद्यकीय कागद आणि बँकेचा तपशील जोडा.

पण त्याआधी वाहन शोधायचा प्रयत्न सोडू नका. शेंद्र्यावरून पुण्याकडं गेली असेल तर आनेवाडीच्या टोलनाक्यावर, कराडकडं गेली असेल तर तासवड्याला तिची नोंद असेल. बंपर फुटलेली गाडी कॅमेऱ्यात दिसते. फुटेज जास्त दिवस राहत नाही, दोन महिने होत आले, उद्याच्या उद्या तपास अधिकाऱ्याला भेटा. वाहन सापडलं तर ५० हजारांवर थांबावं लागणार नाही. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख आहेत. चूक सिद्ध करता आली तर कलम १६६ खाली मर्यादाच नाही.

---

पलूसची ताई | १३ जुलै, दुपारी २.४५

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

माझे मालक ट्रकवर ड्रायव्हर होते. खंबाटकीच्या घाटात २०१९ ला गेले. तेराव्याच्या आधीच एक माणूस घरी आला, वकिलाचा म्हणाला. सगळं बघतो, मिळेल त्यातले तीस टक्के द्या म्हणाला. सासऱ्यांनी अंगठा दिला. आम्ही शुद्धीवर नव्हतो. नंतर कळलं की लोकअदालतीत मिटवलं आणि मिळाले त्यात तीस टक्के गेले. मला पीएफबद्दल कुणी सांगितलंच नाही. दोन वर्षांनी नणंदेच्या मिस्टरांनी विचारलं, पेन्शनचा फॉर्म भरला का? मग भरला. फॉर्म २०, १० डी आणि ५ आयएफ. पैसे, पेन्शन आणि विमा, तिन्ही वेगळे असतात. आता दर महिन्याला थोडी का होईना पेन्शन येते, पोरांचीही वेगळी येत होती. तो पीएफचा विमा जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत असतो, आणि त्यासाठी माणसाच्या पगारातून काही कापत नाहीत म्हणून पगाराच्या कागदावर दिसतच नाही.

भाऊ, तुमच्या ताईनं सही दिली नाही. माझ्या वतीनं तिला सांगा, चांगलं केलं.

---

काळा कोट | १३ जुलै, रात्री ८.३०

ताई, तुम्ही लिहिलंत याचं फार मोल आहे. निकालातल्या रकमेचा हिस्सा ठरवून फी घेणं वकिलाला नियमानं मना आहे. बार कौन्सिलचा तसा स्पष्ट नियम आहे. दवाखान्याच्या दारात किंवा सुतकात येणारा माणूस ‘टक्के’ बोलला की त्याला तिथंच थांबवा. ज्यांना वकील परवडत नाही त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

---

नदीकाठ | २० जुलै, सायंकाळी ६.१०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत, म्हणून काय काय केलं तेच सांगतो. दोन्ही पत्रं रजिस्टरनं गेली, पोचपावत्या आल्या. पुरवणी जबाब झाला. दाजी कुबडी घेऊन दोन तास बसले, पण सगळं सांगून आले. डिस्चार्ज कार्डावर ट्रॉलीचा उल्लेख आहे, सिस्टर, नशीब. ट्रॅक्टरचा विमा चालू निघाला. ट्रॉलीचा वेगळा नाही.

एक शंका. ओळखीचे एकजण म्हणतात, कामगार भरपाई कायद्याखाली कंपनीकडूनच मागा, ते सोपं. दोन्हीकडं मागता येत नाही का?

---

काळा कोट | २० जुलै, रात्री १०.००

नाही. कलम १६७ प्रमाणे एकाच दुखापतीसाठी दोन्हीपैकी एकच कायदा निवडायचा. म्हणून आधी आकडे मांडून बघू. समजा दाजींची कमावण्याची क्षमता कायमची २० टक्के घटली.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात पगार कितीही असला तरी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे महिना १५,००० रुपयेच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वय ३४ ला कोष्टकातला गुणक १९९.४०. गुणाकार १७,९४,६००. त्याचे २० टक्के ३,५८,९२०.

मोटार अपघात न्यायाधिकरणात पगार पूर्ण धरतात. वर्षाला २,८८,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या ठरावीक पगाराच्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले ४,०३,२००. त्याचे २० टक्के ८०,६४०. ३१ ते ३५ वयाला २००९ च्या निकालाप्रमाणे १६ चा गुणक. झाले १२,९०,२४०. शिवाय दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार, वेदना, प्रवास, सेवा करणाऱ्या माणसाचा खर्च, हे सगळं वेगळं.

मग कामगार कायदा कुणासाठी? ज्याची गाडी स्वतःच घसरली, समोर दुसरं वाहनच नाही, किंवा चूक सरळसरळ स्वतःची आहे, त्याच्यासाठी. तिथं चूक कुणाची हे विचारत नाहीत, अपघात कामाच्या ओघात झाला एवढंच पुरतं. मुदतही दोन वर्षांची. तुमच्या प्रकरणात मी न्यायाधिकरणात जाईन.

टक्केवारीबद्दल एक सांगतो. डॉक्टर दाखल्यात पायाचं अपंगत्व लिहितील, ते पूर्ण शरीराचं नसतं. पण कोर्टानं बघायचं ते त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये घालून दिलंय. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा पाय अधू होणं आणि आठ तास मशीनपुढं उभं राहणाऱ्याचा होणं, यांचा आकडा एक असू शकत नाही. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायलाच हवी आणि दाजी रोज काय काम करत होते, किती वेळ उभे असत, किती वजनाचे जॉब उचलत, हे शपथपत्रात तपशिलानं यायला हवं.

ज्यांना ई.एस.आय., म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू आहे (२१,००० पर्यंत पगार) त्यांनी हा हिशेब आपल्याला लावू नये. तिथं कामगार भरपाई कायद्याची वाट बंद असते, आणि ई.एस.आय. कायद्याच्या कलम ५३ वर बोट ठेवून विमा कंपनी मोटार दाव्यालाही हरकत घेते. आधी वकिलाशी बोला, मग अर्ज.

---

काळा कोट | ३१ जुलै, रात्री ९.१५

दोन दिवसांपूर्वी, २९ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आलाय, तो इथं नोंदवतो. आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याचा रात्रपाळीचा वॉचमन. २००३ साली पहाटे तीनच्या ड्यूटीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या पाच किलोमीटर अलीकडं अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी मंजूर केली होती, उच्च न्यायालयानं रद्द केली, कारण काय तर ड्यूटीवर पोहोचला नव्हता. आता सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातलाच धरायचा. बावीस वर्षं लागली त्या घराला.

टाइमऑफिस काकांनी आउट पंच मागून घ्या म्हटलं होतं, त्याचं वजन आता कळेल. ती नोंद असेल तर शिफ्ट सुटल्यावर माणूस सरळ घरी निघाला होता, हे एका कागदात सिद्ध होतं.

---

नदीकाठ | ८ ऑगस्ट, दुपारी ३.४०

अर्ज दाखल झाला. नंबर पडला. आउट पंच ००.०६ चा मिळाला, तोही कंपनीच्या शिक्क्यासह. काका, तुमचं नाव काढलं तिथं. ताई उद्या राखी बांधायला येणार होती, आजच कोर्टातून घरी घेऊन आलो.

---

माळावरचा | ९ ऑगस्ट, सकाळी १०.२०

भाऊ, मी सुरुवातीला मिटवा म्हटलं होतं, चुकलं माझं. माझ्या स्वतःच्या दोन ट्रॉल्या आहेत. काल एजंटाकडं जाऊन दोन्हींचा विमा वेगळा उतरवला.

---

अजिंक्यतारा | १४ डिसेंबर २०२५, सकाळी ८.३०

धागा वर आणतोय. आईच्या अपघाताची कार सापडली! आनेवाडीच्या फुटेजमध्ये दिसली होती, पोलिसांना मालक गाठायला वेळ लागला. पण आता सहा महिने उलटून गेलेत. काय करू?

---

काळा कोट | १४ डिसेंबर, रात्री ९.००

अर्ज करा, थांबू नका. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये अंतरिम आदेश दिलाय की पुढील आदेशापर्यंत केवळ सहा महिन्यांची मुदत संपली म्हणून दावे फेटाळू नयेत. अंतिम निकाल अजून यायचाय, त्यामुळं ही फट उघडी आहे तोवर आत जा. उशीर का झाला, वाहन कधी सापडलं, हे तारखांसह अर्जात लिहा. तुम्ही साताऱ्यात राहता आणि अपघातही तिथलाच, अर्ज साताऱ्यालाच.

आणखी एक बदल. २१ नोव्हेंबरपासून चारही नव्या कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्यात. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात आता सामाजिक सुरक्षा संहितेतच नोकरीशी जोडलेला धरलाय. नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. इथं वाचणाऱ्या ठेक्यावरच्या प्रत्येकानं ते मागून घ्यावं, लेखी.

---

नदीकाठ | १५ डिसेंबर, सायंकाळी ७.२५

आमचंही कळवतो. कामगार आयुक्तांकडं तीन तारखा झाल्या. तिसऱ्या तारखेला मूळ कंपनीचा माणूस आला आणि दाजींना इन्स्पेक्शनच्या टेबलावर, बसून करायचं काम द्यायला कबूल झाला. लेखी घेतलंय. १ डिसेंबरपासून ते जाताहेत, फक्त फर्स्ट शिफ्टला. पाय संध्याकाळी सुजतो, ताई मिठाच्या गरम पाण्यात ठेवायला लावते.

दाव्यात विमा कंपनीनं म्हणणं दाखल केलंय. वकीलसाहेब म्हणाले तसंच, चूक मागच्याची आणि ट्रॉलीचा विमा नाही. जानेवारीत दाजींची साक्ष आहे आणि त्यानंतर दूधवाल्या पोराची. काल तो रतीब टाकायला आला तेव्हा विचारत होता, विजयनगरला कोर्टात जायला मिरज रोडवरून आत कुठून वळायचं, आणि सकाळचं संकलन आटपून अकरापर्यंत आलं तर चालेल का. दाजी म्हणाले, मी तुझ्याबरोबर टेम्पोतच येतो.